पकड चुकली, कोच चुकला?

आपल्याकडे माणूस जन्माला येतो तोच कोच होऊन. स्वतःला जिना चढताना दम लागत असेल, पण टीव्हीसमोर बसलं की कुणाला कधी खेळवायचं, कुणाला बसवायचं, सगळं तोंडपाठ. आणि टीम हरली की निकाल दोन मिनिटांत तयार : ‘डिफेन्स गंडला यार. कोचला हाकला!’

हे वाक्य ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये ऐकलंय, एसटीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. म्हणणाऱ्याला विचारून बघा, ‘गंडला म्हणजे नेमकं काय झालं?’ गडी तिथेच आउट. स्कोअर सांगेल. स्कोअर तर आम्हीही बघितलाय, बॉस!

मी जळगावात एका फायनान्स कंपनीत आहे. कागदावर नऊ ते सहा, प्रत्यक्षात नऊ ते ‘अजून एक मेल टाकून जा’. माहेर धुळ्याजवळच्या एका गावात. शाळेच्या टीममध्ये मी डावा कॉर्नर खेळायचे. गुडघ्यावर तेव्हाची एक खूण आहे, ती साडी नेसली की दिसत नाही आणि मॅच लागली की आठवते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या घरात रिमोटवरून महायुद्ध व्हायचं. आता सासूबाईसुद्धा शेवभाजीची फोडणी आधी उरकून घेतात, कारण आठला मॅच.

तर आजचा विषय हाच. डिफेन्सच्या कोचला जोखायचं कसं? हसू नका. हा प्रश्न वाटतो तितका टाइमपास नाही. आमच्या घरातल्या एका माणसाची वीस वर्षं या प्रश्नावर पणाला लागली होती. पण आधी खेळाचा फंडा क्लिअर करून घेऊ.

न दिसणारं काम

रेडर हा कबड्डीचा हिरो. त्याच्यावर कॅमेरा, त्याचे रील्स, त्याच्या नावाच्या घोषणा. डिफेन्सचं तसं नाही. उत्तम डिफेन्स म्हणजे बऱ्याचदा काहीच न घडणं. रेडर आला, तीस सेकंद ‘कबड्डी कबड्डी’ करत फिरला, हात हलवत परत गेला. स्कोअरबोर्ड ढिम्म. बघणारा म्हणतो, ‘बोअर रेड.’ आणि तिकडे कोच मनातल्या मनात टाळी वाजवतोय! कारण अशा दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. म्हणजे त्या ‘बोअर’ रेडमध्येच पुढच्या पकडीचा सापळा लावलेला असतो.

पकडीचा हिशेबही भारी आहे. यशस्वी झाली की एक गुण. फसली आणि रेडर मध्यरेषेला पोहोचला की ज्याला-ज्याला त्याचा स्पर्श झाला तो-तो बाहेर. एका कॉर्नरने घाई केली, मदतीला दोन कव्हर धावले आणि गडी निसटला, तर एका झटक्यात तीन माणसं बाकावर. म्हणून पकड करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच न करणं. आणि हे ‘न करणं’ शिकवावं लागतं. तरण्याताठ्या पोराला ‘झेप घे’ सांगायला कोच लागत नाही, ‘थांब’ सांगायला लागतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर हे काम अगदी नोकरीसारखं वाटून दिलेलं असतं. डिफेन्सचा वेगळा कोच, प्रत्येक डावाआधी तो चाल ठरवतो आणि मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर ती जाते. कबड्डीत असली चैन नाही. कोच बाकाजवळून ओरडतो, टाइमआउटमध्ये काय ते सांगतो, बाकी निर्णय आत उभ्या असलेल्या सातांचा. आपण कोचला शिव्या घालतो तेव्हा हे सोयीस्कर विसरतो. त्याचं खरं काम मॅचच्या आधी, सकाळी सहाला, रिकाम्या मैदानावर झालेलं असतं.

मनप्रीतची गोष्ट

निकालावरून कोचला जोखणाऱ्यांसाठी एक माणूस म्हणजे चालता-बोलता प्रश्नचिन्ह आहे. मनप्रीत सिंग. २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली तेव्हा हा त्यांचा कॅप्टन. मग कोच झाला, गुजरातचा. २०१७ चा तो संघ आठवतोय? दोन्ही कॉर्नरला इराणी, फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी. रेडर त्या कोपऱ्यांकडे जाताना दहादा विचार करायचे. गुजरात थेट फायनलमध्ये. समोर कोण? पाटणाच! आणि पाटणाकडे प्रदीप नरवाल. फायनल ५५-३८. एकट्या प्रदीपचे १९ गुण.

झालं! सगळे म्हणाले, डिफेन्स फुसका निघाला. पुढच्या सीझनला गुजरात पुन्हा फायनलमध्ये. जानेवारी २०१९, समोर बंगळुरू बुल्स, पवन सेहरावतचे २२ गुण, ३८-३३. पुन्हा हार. मनप्रीत पुढे हरयाणा स्टीलर्सकडे गेला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये फायनल, समोर आपली पुणेरी पलटण. मध्यंतराआधी पंकज मोहितेने एकाच रेडमध्ये चार गुण आणले आणि पलटणने मॅच २८-२५ अशी काढली. आम्ही इकडे पेढे वाटले. पण कोच म्हणून मनप्रीतची ती तिसरी हरलेली फायनल होती.

आता त्या रात्री कुणी त्याचं अप्रेझल भरायचं म्हटलं असतं तर? ‘तीन फायनल, तीन पराभव. मोठ्या मॅचचं प्रेशर झेपत नाही.’ सही, शिक्का, पुढचा उमेदवार.

हरयाणाने त्याला ठेवलं. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्या बालेवाडीत पुन्हा फायनल, पुन्हा समोर पाटणा. पाटणाचा देवांक दलाल त्या सीझनमध्ये रेडचे ३०१ गुण घेऊन बसलेला. हरयाणाच्या डिफेन्सने त्याला दहाच्याही आत रोखलं आणि अख्ख्या पाटणाला २३ वर. ३२-२३.

माणूस तोच, डिफेन्सवरचा विश्वासही तोच. फरक एवढाच की एका रात्री प्रदीप सुटला आणि दुसऱ्या रात्री देवांक सापडला.

‘अहो पण तेव्हा शादलू होता ना त्यांच्याकडे!’ हा आमच्या ऑफिसमधल्या एका हुशार सहकाऱ्याचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे. मोहम्मदरेझा शादलू, इराणचा लेफ्ट कॉर्नर. पलटणने त्याला २.३५ कोटींना घेतलं आणि जिंकले. पुढच्या वर्षी तो हरयाणाकडे, हरयाणा जिंकली. म्हणजे कोच नाही, शादलूच सगळं? मग २०२५ मध्ये तो गुजरातकडे गेला, तिथे करंडक का नाही आला? फायनल खेळले दिल्ली आणि पुणे, जिंकली दिल्ली, ३१-२८. उत्तम माणूस हवाच, पण त्याच्या बाजूला उभं कोण राहणार, त्याने झेप घेतल्यावर मागून कोण येणार, हे कुणीतरी बसवावं लागतं. ते करतो तो कोच.

मग बघायचं काय?

मी मॅच बघताना चार गोष्टी बघते. एका जुन्या डायरीत टिपतेसुद्धा. नवरा म्हणतो, ‘एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर...’ असो.

एक : पहिली हालचाल कुणाची? रेडरने चूक करेपर्यंत डिफेन्स थांबतो की स्वतःच आधी उडी मारतो? नीट शिकवलेला कॉर्नर रेडरचा पाय आत आल्यावर आणि वजन पुढे गेल्यावरच पायाला हात घालतो.

दोन : दुसरा माणूस किती लवकर येतो? पहिल्याने घोटा धरला, कव्हर पोहोचायला उशीर झाला, की पकड फसली. टीव्हीवर शिव्या पहिल्याला पडतात. चूक असते दुसऱ्याची, किंवा त्यांची जोडी न बसवणाऱ्या कोचची.

तीन : माणसं कमी झाली की काय करतात? मैदानात तीन किंवा कमी गडी उरले की पकडीला एक गुण जास्त मिळतो, सुपर टॅकल. मोह मोठा, पण फसलं तर लोण आणि समोरच्याला दोन गुण फुकट. अशा वेळी तीन माणसं एका विचाराने उभी आहेत की तिघं तीन दिशांना, हे बघितलं की कोचचं पाणी कळतं.

चार : तीच चूक पुन्हा होते का? पहिल्या हाफमध्ये एखादा रेडर उजव्या कोपऱ्यातून सारखा बोनस नेतोय. ठीक आहे, तो चांगला असेल. दुसऱ्या हाफमध्येही तेच चाललं असेल तर मात्र मध्यंतरात काय चहा पीत होते का?

या चारांत ‘जिंकले का?’ हा प्रश्न नाही. निकाल महत्त्वाचा नाही असं नाही हं! बक्षीस निकालालाच मिळतं. पण एका रेडच्या निकालात नशीब असतं, घामाने निसटलेला हात असतो, पंचांची नजर असते. अमेरिकेतलं गाजलेलं उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०१५ ची सुपर बोल. सिअ‍ॅटल चार गुणांनी मागे, जिंकायला फक्त एक यार्ड हवा, अर्ध्या मिनिटाच्या आत वेळ उरलेली. कोच पीट कॅरोलने धावायच्या ऐवजी पासची चाल दिली. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने चेंडू मध्येच पकडला, मॅच २८-२४ ने गेली. दुसऱ्या दिवशी ‘इतिहासातला सगळ्यात मूर्ख निर्णय’ म्हणून बोंब. पुढे आकडेवाल्यांनी शांतपणे हिशेब मांडला आणि अनेकांचं मत पडलं की चाल तितकी वेडी नव्हती. पण त्याच्यावरचा शिक्का काही पुसला गेला नाही.

दादाची मीटिंग

आता घरची गोष्ट. माझा मामेभाऊ, दादा, आमच्या गावाकडच्या एका मंडळाचा कोच होता. पगार शून्य. दिवसा शेती, सकाळ-संध्याकाळ मैदान. मॅटबिट काही नाही, माती. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, सगळं हाच करणार. वीस वर्षांत पोरांच्या किती बॅच त्याच्या हाताखालून गेल्या, मोजदाद नाही. काही पोलिसात लागले, काही सैन्यात, एक-दोन माझ्यासारखे ऑफिसात.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका स्पर्धेत फायनल गेली. एका गुणाने. शेवटची रेड, आपण एकने पुढे, मैदानात पाच जण. म्हणजे बोनसचा प्रश्नच नाही, समोरच्याला हात लावूनच जायला पाहिजे. दादाने बाकाजवळून दोन्ही हात खाली दाबत सांगितलं, थांबा, कुणी पुढे जाऊ नका, त्याला आत येऊ द्या. पोरं थांबली. तो रेडर आला, कॉर्नरला लांब पाय लावला आणि परतताना कव्हरच्या खांद्याला बोटं टेकवून गेला. दोन गुण. खेळ खल्लास.

आठवड्यात मंडळाची मीटिंग बसली. विषय एकच : कोच बदलायचा. ‘धरायला का नाही सांगितलं? पोरं तयारीची होती. भित्रा डाव खेळला.’ मोबाइलवर ती शेवटची रेड पुन्हा पुन्हा फिरत होती. बारा सेकंदांची क्लिप. वीस वर्षांचं काम त्या बारा सेकंदांत.

मी शनिवारी हाफ डे टाकून जळगावहून एसटी धरली. एरंडोल, पारोळा, धुळे, पुढे रिक्षा. बॅगेत डायरी. मंडळातल्या एका पोराने त्या स्पर्धेच्या सगळ्या मॅचचे व्हिडिओ मला पाठवले होते आणि मी चार रात्री जागून ते बघितले होते.

मीटिंगमध्ये मी एकटीच बाई. मागून एक आवाज आलाच, ‘पोरींना काय समजतं डिफेन्सचं?’ मी म्हटलं, ‘काका, २०१८ ला जकार्तात एशियाडच्या फायनलमध्ये आपल्या मुली इराणकडून २७-२४ हरल्या. त्या इराणच्या मुलींची कोच कोण होती माहितेय? आपल्या शेजारच्या नाशिकच्या शैलजा जैन.’ मागचा आवाज बंद झाला. समोरचे दोघं हसले. वातावरण जरा सैल झालं.

मग मी डायरी उघडली. त्या रेडरच्या स्पर्धेतल्या सगळ्या रेड मी टिपल्या होत्या. जिथे जिथे कॉर्नर आधी झेपावला, तिथे निम्म्याहून जास्त वेळा तो निसटला होता आणि जाताना दोघांना घेऊन गेला होता. जिथे समोरचे थांबले, तिथे तो बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतला होता. म्हणजे थांबायला सांगणं बरोबर होतं. त्या एका रेडला तो भारी पडला, एवढंच.

इथे थांबले असते तर मी दादाची बहीण म्हणून बोलले असंच झालं असतं. पण डायरीत आणखी एक पान होतं. दुसऱ्या हाफमध्ये आपले तीनच गडी उरले होते. त्यातली दोन पोरं नवीन. सलग तीन रेडला ती दोघं आळीपाळीने एकटी-एकटी झेपावली, तिसरा लांब उभा. शेवटी लोण झाला. आणि या सगळ्या वेळात टाइमआउट शिल्लक होता, तो मागितला गेला नाही. मी ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, ‘मॅच इथे गेली. प्रश्न विचारायचाच असेल तर याचा विचारा.’

खोलीत शांतता. दादा भिंतीला टेकून बसला होता. माझ्या पोटात गोळा. मामींच्या हातचं जेवून आले होते आणि त्यांच्याच मुलाची चूक चारचौघांत मांडत होते. दादा उठला, म्हणाला, तीन गड्यांची तालीम या वर्षी झालीच नाही, पोरं कामाला जातात, सात कधी एकत्र येत नव्हते. टाइमआउट घ्यायला हवा होता, घेतला नाही. एवढं बोलून खाली बसला.

निकाल सांगू? मंडळाने कोच बदलला. हात वर करून मतं घेतली, दादाच्या बाजूचे कमी पडले. बारा सेकंदांची क्लिप माझ्या डायरीपेक्षा वजनदार निघाली. परत निघताना दादा मला स्टॅण्डवर सोडायला आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, तू लोणनं बोलनी ते बरं कयं.’ लोणाबद्दल बोललीस ते बरं केलंस. ‘शेवटनी रेड’बद्दल आभार नाहीत. ती बरोबर होती हे त्याला माहीतच होतं. चूक कुठे झाली हे कुणीतरी नीट सांगणं, याची त्याला जास्त किंमत वाटली.

आता तो जवळच्या शाळेतल्या मुलींना शिकवतो. पहिल्याच आठवड्यात त्याने काय घेतलं? तीन गड्यांचा डिफेन्स. मंडळातली दोन पोरंही मधूनच येऊन बाजूला उभी राहतात. नवा कोच कसा आहे, हे मी इतक्यात बोलणार नाही. त्याचीही डायरी भरायला वेळ लागेल.

आणि आपलं अप्रेझल?

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण मार्च आला की तुम्ही-आम्ही सगळे त्या भिंतीला टेकून बसलेले असतो. वर्षभर नीट केलेली कामं रिकाम्या रेडसारखी असतात. जे नुकसान झालं नाही, जो क्लायंट भडकला नाही, जी फाइल अडकली नाही, ते कुठल्या कॉलममध्ये भरणार? आणि मग कुणीतरी आपली बारा सेकंदांची क्लिप काढतं. उद्या तुम्ही टीम लीडर झालात की ती क्लिप तुमच्या हातात असेल. तेव्हा एवढंच करा, आख्खी मॅच बघा. चूक सापडली तर तोंडावर सांगा, पण नेमकी सांगा.

आणि पुढच्या सीझनला एक गंमत करून बघा. एक पूर्ण मॅच रेडरकडे बघायचंच नाही. नजर फक्त डाव्या कॉर्नरवर. तो कधी वाकतो, कधी मागे सरकतो, शेजारच्याचा हात कधी सोडतो. पहिली दहा मिनिटं डोकं दुखेल. मग हळूहळू दिसायला लागेल, की ज्याला आपण ‘काहीच नाही घडलं’ म्हणत होतो, तिथे कुणाची तरी सकाळची मेहनत उभी आहे.

त्यानंतर खुशाल म्हणा, ‘कोचला हाकला.’ फक्त कारण सांगा. स्कोअर आम्हालाही दिसतो, बॉस!